बिनजरीचा शालू

काशीहून परतलेल्या माणसाला आमच्या नाशकात पहिला प्रश्न विचारतात तो हा, की काय सोडून आलात? काशीला गेलं की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडायचा, अशी रीत आहे. मी पडवळ सोडलं. ते मला लहानपणापासून गिळवत नाही, पण हे विचारणाऱ्याला सांगायची गरज नसते. तेव्हा तो प्रश्न मिटला. ज्यांनी काशी पाहिली नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, पण पुण्याच्या हिशेबाने कोणी वाचायला बसू नये. मी तिथे पुण्य मिळवायला गेलोच नव्हतो. एक लुगडं आणायला गेलो होतो.

झालं असं. माझी भाची यमू हिचं लग्न ठरलं. तिचे वडील लवकर गेले, त्यामुळे कार्य माझ्याच अंगावर. वंगभंगानंतर आमच्याकडे गोदेच्या वाळवंटात स्वदेशीच्या सभा झाल्या, त्यात या पोरीने पाण्यात उभं राहून शपथ घेतली की परदेशी धागा अंगाला लावणार नाही. होणाऱ्या विहीणबाई जुन्या वळणाच्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात सून काशीच्या जरीच्या शालूतच उंबरठा ओलांडते. माझ्या सासूबाई तशाच आल्या, मी तशीच आले." यमू म्हणाली, "शालूत एक जरी विलायती तार असली, तर मी बोहल्यावर चढायची नाही." दोघी बोलल्या त्या माझ्याकडे बघून. आणि मी वैद्य माणूस, रोग्याला धीर द्यायची सवय, बोलून गेलो, "काशीत काय कमी आहे? अस्सल देशी रेशमाचा, देशी जरीचा शालू मी स्वतः जाऊन आणतो." विहीणबाई म्हणाल्या, "आणा. नाही मिळाला तर मग स्थळ दुसरं बघा." साखरपुडा झालेल्या मुलीचं स्थळ मोडलं तर गावात काय बोलतात, ते वाचकांना सांगायला नको.

रामघाट

गाडीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. भुसावळला माझं उपरणं हरवलं आणि जबलपूरला कोणाचं तरी सापडलं, एवढंच. गंगेच्या पुलावरून गाडी चालली तेव्हा पौषातलं धुकं इतकं दाट होतं की ज्या घाटांची चित्रं आपण घरोघरी पाहतो त्यांपैकी एकही दिसला नाही. डब्यातल्या सगळ्यांनी धुक्यालाच हात जोडले, मीही जोडले.

मी उतरलो रामघाटावर विनायकशास्त्र्यांकडे. त्यांचे पणजोबा पेशवाईत वाईहून इथे आले. शास्त्री वेदपाठशाळेत शिकवतात, आवाज खणखणीत, शरीर किरकोळ. त्यांच्या पत्नी गंगाकाकू जन्मल्या इथेच, आणि दक्षिणेत, म्हणजे आपल्याकडे, त्यांनी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. पण पुरणपोळी अशी करतात की नाशकातल्या बायकांनी येऊन शिकावी. मराठी मात्र त्यांची त्यांची आहे.

"सबेरे सबेरे उपाशी निघू नका हो वैद्यबुवा," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "मटारचा चुडा केलाय, तनिक खाऊन जा. बाहेरची कचौडी खाल तर मग स्वतःचंच औषध घ्यावं लागेल, बस्स."

त्या चुड्यात पोहे आणि हिरवे मटार असतात, वर तूप आणि आलं. मी तो रोज खाल्ला. आमटीला मात्र मोहरीच्या तेलाची फोडणी असे, तिचा वास पहिले काही दिवस नाकात जायचा. पाठशाळेतली दक्षिणी मुलं मंत्र म्हणतात आपल्या ठेक्यात, आणि भांडतात मात्र अस्सल बनारसी हिंदीत. काकूंची स्वतःची मुलंही आईला मराठीत उत्तर देता देता मधेच घसरतात.

शास्त्र्यांना मी शालूची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "चला, आधी नावेतून चक्कर मारू. शालू कुठून येतो ते कळायला घाट पाहावे लागतात."

मला वाटलं, हे टाळाटाळ करताहेत. पण नाव रामघाटावरून वरच्या अंगाला निघाली आणि शास्त्री एकेक घाट दाखवू लागले. हा भोसल्यांचा. हा शिंद्यांचा, हा बांधला तेव्हा इतका जड झाला की स्वतःच्याच भाराने खचला. एक देऊळ अजून पाण्यात कलतं उभं आहे. पार पुढे राजाघाट, पेशव्यांच्या घराण्यातल्या एका पुरुषाने इथे येऊन राहिल्यावर बांधलेला. आपल्याकडच्या घराण्यांची नावं अशी परक्या नदीच्या काठी ओळीने ऐकताना मला भरून आलं. खोटं कशाला सांगू.

"वैद्यबुवा," शास्त्री म्हणाले, "हा दगड चुनारहून नावांनी यायचा. नदी नावांनी भरलेली असायची, असं माझे आजोबा सांगत. धान्य, साखर, कापूस, सगळं पाण्यावरून. आणि दक्षिणेतल्या एखाद्या दरबारातून पोशाखांची मागणी आली, की मदनपुऱ्यातले माग महिनोन्‌महिने थांबत नसत. हत्तींच्या झुलीसुद्धा किनखाबाच्या, जरीने भरलेल्या."

"मग काय झालं?"

"मग सातारा खालसा झालं. नागपूर झालं. झाशी झाली. साहेब किनखाब घालत नाही. माल आगगाडीने जायला लागला, तेव्हा मल्लाह लोक यात्रेकरूंना फिरवायला लागले." त्यांनी नावाड्याकडे बोट केलं. "याचा आजा मिर्झापूरला कापूस पोचवायचा. हा आपल्याला पोचवतोय."

नावाडी हसला. त्याला मराठी कळत असावं.

"आता काशीचे माग कोणावर चालतात, सांगा," शास्त्री म्हणाले. "दरबार गेले. राहिली फक्त आपल्या पोरींची लग्नं."

कुंजगली

चौकाजवळच्या कुंजगलीत रेशमाचे व्यापारी बसतात. गल्ली एवढी अरुंद की समोरून बैल आला तर माणसाने दुकानात चढायचं. माझं पहिलं दुकान बैलानेच निवडलं. पांढऱ्या चादरीची गादी, लोड, पानाचा डबा आणि मध्ये बसलेले बनवारीलाल, गोरे, गुबगुबीत, आणि बोलायला असे गोड की सावध राहावं.

त्यांनी माझ्यापुढे शालूंचा ढीग टाकला. मी विचारलं, रेशीम देशी का? "बिलकुल देसी, वैद्यजी।" जर देशी? "गंगामाई की कसम, शुद्ध देसी।" मी आनंदलो. एक लालभडक शालू निवडून बाजूला ठेवला. तेवढ्यात त्यांच्या गड्याने मागच्या खोलीतून रेशमाचा गठ्ठा आणून आपटला आणि वरचं गोणपाट फाटलं. आत कागदाची घडी होती, तिच्यावर चिनी अक्षरं. गोणपाटावर मुंबईच्या गोदीचा शिक्का.

मी तो शिक्का बघत राहिलो. म्हणजे हे रेशीम चीनहून मुंबईला उतरलं, आणि आगगाडीत बसून नाशकावरूनच इथे आलं. मी जे टाळायला निघालो तेच कदाचित माझ्याच गाडीत मागच्या डब्यात होतं.

"लालाजी, हे काय?"

बनवारीलाल जराही शरमले नाहीत. उलट पान पुढे केलं. "देखिए वैद्यजी, बंगाल का रेशम गाँठदार आता है। आपके दक्खिन की बहू-बेटियाँ ही कहती हैं, मुलायम चाहिए। तो मैं चीन का देता हूँ। तार फ्रांस का है, एक-सा और सस्ता। रंग जर्मनी का, पक्का।"

"मग शपथ कशाची घेतलीत?"

"बुनाई की! बुनाई तो काशी की है।"

मला राग आला, पण त्यांच्या बोलण्यात खोट काढता येईना. मी शालू परत केला आणि निघालो. पाठीमागून ते म्हणाले, "लौट के यहीं आइएगा। पूरे बनारस में यही माल है।"

मदनपुरा

शास्त्र्यांच्या ओळखीने मी मदनपुऱ्यात मौलाबख्श यांच्याकडे गेलो. विणकरांचा हा मोहल्ला, घराघरातून मागांची खटखट. मौलाबख्श स्वतः आता फारसे विणत नाहीत. त्यांच्या हाताखाली बरेच माग आहेत. डोळ्यांत सुरमा, अंगात मलमलचा कुर्ता, बोलण्यात तोरा. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं आणि मनमुराद हसले.

"पंडितजी, रेशम बंगाल के मालदा से मँगा सकते हैं, महँगा पड़ेगा। मगर कलाबत्तू? वह खुद ढूँढ़ लीजिए। मिल जाए तो मौलाबख्श मुफ़्त में बुनेगा।"

कलाबत्तू म्हणजे रेशमावर गुंडाळलेली सोन्याचांदीची तार, आपली जर. मी म्हटलं, शोधतो. इथून माझी जिद्द पेटली. दुसऱ्या दिवसापासून मी काशीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तार ओढणारा एकजण सापडला. तो आता मिठाईवर लावायचा वर्ख कुटतो. औषधासाठी मी त्याच्याकडून वर्ख घेतला आणि विचारलं, तार ओढाल का? "ओढीन, पण चपटी कोण करणार?" चपटी करणाऱ्याच्या घरी गेलो, तर तो कलकत्त्याला तागाच्या गिरणीत. मुलामा चढवणाऱ्याची भट्टी आता पितळेच्या लोट्यांना लागली आहे. रेशमावर तार गुंडाळणाऱ्या बायका होत्या, पण त्यांच्या बोटांना ती सवयच राहिली नव्हती.

तेव्हा मला कळलं. जर ही वस्तू एक माणूस करत नसतो, एक सबंध मोहल्ला करत असतो. त्यातलं एक घर बंद पडलं की बाकीच्यांच्या हातातलं कसब असून नसल्यासारखं. आमच्या औषधांचंही तसंच आहे: खल करणारा आहे, पण डोंगरातून मुळी आणणारा गेला, तर वैद्याने काय उगाळायचं?

मी हात हलवत मौलाबख्श यांच्याकडे परतलो. म्हटलं, जर राहू द्या. मालद्याचं रेशीम घ्या, बुट्टे रेशमाचेच विणा.

"दुल्हन का शालू, बिना कलाबत्तू के?" ते आता हसले नाहीत. चिडले. "लोग कहेंगे, मौलाबख्श बूढ़ा हो गया, तार चुराने लगा। और एक साड़ी के लिए मालदा से रेशम कौन मँगाए? नहीं पंडितजी। माफ़ कीजिए।"

त्या दिवशी घरी आलो तर काकूंनी दारातच अडवलं. मदनपुऱ्यातून आला आहात, आधी घाटावर बुडी मारून या. मी म्हटलं, "काकू, मला आंघोळ, आणि तुमच्या फडताळातले सोवळ्याचे रेशमी मुकटे तिथेच विणलेत, त्यांना नाही?"

"रेशमाला विटाळ नसतो," काकू म्हणाल्या. "माणसाला असतो. जा जल्दी."

गंगेचं माघातलं पाणी फार गार असतं, एवढं सांगतो.

पंगत

रथसप्तमीला शास्त्र्यांकडे वैदिकांची पंगत होती. रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट इथली दक्षिणी मंडळी जमली. सगळे सोवळ्यात, प्रत्येकाच्या कमरेला रेशमी मुकटा. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, सुती धोतर नेसून ही मंडळी पानावर बसत नाहीत. सूत पटकन ओवळं होतं, रेशीम होत नाही. मीही शास्त्र्यांचा एक मुकटा नेसून बसलो. मऊ, तुकतुकीत, कमरेवर ठरेना.

आणि माझी जीभ सुटली. तो मऊपणा बोटांना कळला आणि मी शेजारच्या अप्पाभटजींना म्हणालो, "हे चिनी रेशीम बरं का. आपण सगळे चिनी नेसून बसलो आहोत. जहाजातून येतं हे, मुंबईला."

मी हे गमतीत बोललो. पण अप्पाभटजी हे त्या पंगतीतले सर्वांत वयोवृद्ध आणि सर्वांत कर्मठ. त्यांचा हात पानावरच थांबला.

"जहाजातून? म्हणजे समुद्र ओलांडून?"

 मग एकदम सगळे बोलू लागले. समुद्रपर्यटन केलेल्या माणसाला प्रायश्चित्त आहे, मग रेशमाला का नाही? एकजण म्हणाला, रेशीम वाऱ्यानेच शुद्ध होतं, आणि समुद्रावर वारा भरपूर. दुसरा म्हणाला, रेशीम शुद्ध असलं तरी खलाशांनी कशात गुंडाळलं असेल कोण जाणे. तिसऱ्याने विचारलं की मग आजपर्यंत केलेल्या अनुष्ठानांचं काय?  अप्पाभटजींनी आपल्या कमरेकडे पाहिलं आणि ते उठायच्या बेतात आले. पण उठून नेसणार काय, हाही प्रश्नच होता, कारण घरी ठेवलेला दुसरा मुकटासुद्धा त्याच गल्लीतला.

शास्त्र्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पडवळाऐवजी बोलणंच सोडून द्यावंसं वाटलं.

शेवटी काकूंचा आवाज स्वयंपाकघरातून आला. "जेवण ठंडं होतंय! आता उघडं बसून जेवणार आहात का सगळे? आज जेवून घ्या. उद्यापासून देशी रेशमाचे मुकटे विणवा आणि ते नेसा, झालं."

सगळे जेवले, पण मनापासून नाही. जाताना अप्पाभटजी माझ्याशी बोलले नाहीत. मला खरोखर वाईट वाटलं. ज्यांनी मला आसरा दिला त्यांच्याच पंगतीत मी माती कालवली होती, आणि हाती शालू तर नव्हताच.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पाभटजी स्वतः शास्त्र्यांच्या ओसरीवर हजर. बरोबर दुर्गाघाटचे दोघे. "त्या वैद्याला विचारा," ते मला पाहूनही शास्त्र्यांना म्हणाले, "देशी रेशीम कोणाकडे मिळतं? आम्हाला मुकटे हवेत. रामघाटावरच्या प्रत्येक घराला हवेत. समुद्रापलीकडचा एक धागाही नको."

मी त्याच पावली मदनपुऱ्याकडे धावलो. मौलाबख्श यांनी ऐकलं, सुरमा घातलेले डोळे बारीक केले.

"सारे दक्खिनी पंडित? सबको मालदा का चाहिए?"

"सगळ्यांना."

"तो रेशम आएगा," ते म्हणाले. मग बोटांवर काहीतरी मोजून, "और जब आएगा, तो आपकी बिटिया का शालू भी चढ़ा देंगे। मगर मेरी एक शर्त है। बूटा मैं चुनूँगा। बिना तार के भी लोग देखें तो कहें, यह मौलाबख्श के घर का है।"

मी कबूल केलं. त्या माणसाचे पाय धरावेत असं मला वाटलं, आणि नंतर पुन्हा बुडी मारावी लागली असती म्हणून धरले नाहीत, हे लिहिताना मला लाज वाटते.

मिर्झापूर

राहिला रंग. जर्मन रंग नको, तर लाल आणायचा कुठून? इथे मात्र माझा धंदा कामी आला. लाक्षादि तेल करताना आम्ही लाखेचा रस काढतो, तो गर्द लाल असतो आणि रेशमाला घट्ट धरतो. लाख मिर्झापूरला. एक दिवस गाडीने जाऊन आलो.

मिर्झापूरची पूर्वीची बाजारपेठ शास्त्री सांगत होते तशी आता उरलेली नाही. मोठमोठी दगडी दुकानं, नक्षीचे सज्जे, आणि खाली दुपारीसुद्धा शुकशुकाट. एकेकाळी सगळ्या मध्य हिंदुस्थानचा कापूस इथे उतरून नावांवर चढायचा. आगगाडी आली आणि तो दुसरीकडून जाऊ लागला. लाखेचे कारखाने मात्र चालू आहेत. साहेबाला लाखेचा राळेसारखा भाग हवा असतो, बांगड्यांना नव्हे, कसल्या कसल्या यंत्रांना. लाख धुताना निघणारं लाल पाणी आता कोणी घेत नाही. मी डोळ्यांनी पाहिलं, कारखान्यातून गटार निघत होतं आणि ते तांबडंलाल वाहत गंगेकडे चाललं होतं. ज्या रंगासाठी पूर्वी व्यापारी रांग लावत, तो गटारात. माझ्या मनाला ते फार लागलं. मी कारखान्याच्या मुनिमाकडे रंगासाठी कच्ची लाख मागितली. तो म्हणाला, पानी चाहिए तो बाल्टी भर के ले जाइए, कोई मना करेगा क्या?

मी लाखच घेतली. काकूंच्या परसात मोठं भांडं चढवून, लोध्राची साल घालून रस काढला. शेजारची पांढरी गाय त्यात तोंड घालायला आली, भांडं कलंडलं आणि तिचे चारही पाय लाल झाले. रामघाटावर दोन दिवस त्या गाईची पूजा चालली. काकू मात्र माझ्याशी तेवढे दिवस हिंदीतच बोलल्या, म्हणजे राग खरा होता. दुसऱ्यांदा काढलेला रस मौलाबख्श यांच्या रंगाऱ्याने घेतला आणि मालद्याचं रेशीम त्यात बुडवलं. वर आलं ते डाळिंबाच्या दाण्यासारखं.

शालू मागावर असेपर्यंत मी रामघाटावरच्या खोकल्यांना काढे दिले. अप्पाभटजींनाही दिला. त्यांनी तो घेतला, पण मुळ्या कुठल्या ते आधी विचारून.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बनवारीलाल यांचा गडी एक पुडकं घेऊन आला. आत मी पहिल्या दिवशी बाजूला ठेवलेला तो जरीचा शालू, आणि तोंडी निरोप: लालाजी म्हणतात, तुमची गोष्ट बाजारभर झाली आहे, हा न्या. देशी आहे म्हणून सांगा. नाशकात कोण तपासणार? मुलीचा संसार उभा राहील.

गड्याला थांबायला सांगून मी दोन्ही शालू घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. एक झळझळत होता. दुसरा गर्द, शांत, बुट्टे असे नाजूक की जवळ धरल्याशिवाय दिसू नयेत. मी खरं सांगतो, त्या दुपारी माझा निश्चय हलला. विहीणबाईंना जर हवी होती, ती इथे होती. यमूला शपथ होती, तिला फक्त माझा शब्द हवा होता. एक खोटं बोललो असतो तर दोघी सुखी झाल्या असत्या, आणि कोणालाही कधीही कळलं नसतं. मी मुलीचं स्थळ हातात धरून बसलो होतो.

काकू पाणी भरायला खाली आल्या. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं.

"ती तुमच्यावर भरोसा ठेवते म्हणूनच तिला फसवता येईल," त्या म्हणाल्या. "दुसरं कोणी फसवू शकणार नाही तिला."

कळशी भरून त्या वर गेल्या. मी झळझळता शालू पुडक्यात बांधून गड्याच्या हाती परत केला.

नाशिक

घरी पोचलो त्याच संध्याकाळी विहीणबाई आल्या. यमू आणि तिची आई आतल्या दाराशी उभ्या. मी शालू उलगडून सतरंजीवर पसरला. विहीणबाईंनी पदर पाहिला, काठ पाहिला, उलटा करून पाहिला.

"जर कुठाय?"

"नाही," मी म्हटलं. "देशी जर आता काशीत होत नाही. जी होती ती फ्रान्सची. ती आणली नाही." आणि मग गल्ली, भट्टी, वर्खवाला, पंगत, गटार, सगळं सांगितलं. बनवारीलालांचं पुडकंही सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज चढला. मला वाटलं, मोडायचं तर मोडू दे, पण पुरतं बोलून मोडू दे.

"तुम्ही देशी म्हणून तो जरीचा आणला असता, तर मला कळलं असतं?" विहीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"आणि हिला?"

"हिलाही नाही."

 यमू दारातून एक पाऊल पुढे आली होती, तिच्या आईने तिचा हात धरून ठेवला होता. विहीणबाईंनी शालूचा पदर उचलून आपल्या मानेवर घेतला आणि डोकं इकडून तिकडे वळवून पाहिलं.

"हा बोचत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात जर इतकी बोचली होती, की गळ्याशी सगळं सोलवटलं होतं. होमाच्या धगीपुढे बसले होते, रडत होते, आणि सगळ्यांना वाटलं, माहेर सुटलं म्हणून रडतेय. सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. त्यांनाही बोचलीच असेल की."

 यमूच्या आईने डोळ्यांना पदर लावला.

विहीणबाईंनी पदर खाली ठेवला आणि नीट घडी केली. "सून एकटीच बिनजरीची उभी राहिली तर बायका तिला नावं ठेवतील," त्या म्हणाल्या. "शेजारी सासूही तशीच उभी असली, तर ठेवून बघावीत. वैद्यबुवा, त्या मौलाबख्शला कळवा, असाच आणखी एक लागेल. मला. आणि काठ जरा रुंद ठेव म्हणावं."